एफवायचा फॉर्म भरण्याआधी: पहिल्या वर्षाचे विषय कसे निवडायचे

जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावर बसले की एक दृश्य रोज दिसतं. व्हरांड्यात दोन मैत्रिणी भिंतीला फॉर्म टेकवून लिहीत असतात. पहिली विषयांच्या चौकटीत बरोबरची खूण करते, दुसरी तिच्या खांद्यावरून बघते आणि तशीच खूण आपल्या फॉर्मवर करते. टेबलाशी आल्यावर मी विचारते, "हा विषय का घेतलास गं?" उत्तर येतं, "हिनं घेतलाय म्हणून, मॅडम." पुढची तीन-चार वर्षं कशात घालवायची, हे दहा मिनिटांत ठरलेलं असतं, तेही दुसरीच्या फॉर्मवरून.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात भूगोल शिकवते. बारावीपर्यंत विषयांचा फारसा विचार करावा लागत नाही, शाखा ठरली की विषय जवळजवळ ठरतात. एफवायला मात्र पहिल्यांदाच एवढ्या चौकट्या समोर येतात आणि त्या नीट समजावून सांगायला प्रवेशाच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. महाराष्ट्रात बीए, बीकॉम किंवा बीएस्सीला जाणाऱ्यांसाठी हे आहे. बीबीए, बीसीए, बीएमएसला २०२४ पासून सीईटी लागते, त्यांची वाट वेगळी आहे.

आधी फॉर्मवरचे शब्द समजून घ्या

नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यामुळे दादा-ताईच्या वेळचे स्पेशल आणि जनरल हे शब्द घरात अजून चालत असले, तरी फॉर्मवर वेगळीच नावं दिसतील.

मेजर म्हणजे मुख्य विषय, पदवी ज्याच्या नावानं मिळते तो. मायनर म्हणजे जोडीचा विषय. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, हा तुमच्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यावा लागतो: विज्ञानाच्या मुलानं कला किंवा वाणिज्यचा, वाणिज्यच्या मुलीनं विज्ञान किंवा कलेचा. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर. पहिला मुख्य विषयाशी जोडलेला, दुसरा सर्वसाधारण. एईसी म्हणजे भाषा. व्हीईसीत पर्यावरण, संविधान असे विषय येतात. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला यांपैकी काहीतरी.

हे सगळं मिळून एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट होतात. क्रेडिटचं गणित सोपं आहे आणि ते येणं फार गरजेचं आहे. लेखी विषयाचा १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. प्रात्यक्षिकाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं, तर लेखीच्या १ क्रेडिटला आठवड्याला एक तास लागतो आणि प्रॅक्टिकलच्या १ क्रेडिटला दोन. हा आकडा पुढे वेळापत्रकाशी लावून बघायचा आहे.

पहिला प्रश्न: इथे मेजर कधी ठरतो?

कॉलेजात गेल्यावर सगळ्यात आधी हे विचारा. काही ठिकाणी मेजर प्रवेश घेतानाच ठरतो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी समान वजनाचे तीन विषय घ्यायचे असतात, आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो, तिसरा सुटतो.

तीन विषयांची पद्धत असेल तर एक गोष्ट मनात पक्की करा. मेजर याच तीनातून निवडायचा आहे. एफवायला मानसशास्त्र घेतलं नाही आणि वर्षभरात लक्षात आलं की आपल्याला तेच हवं होतं, तर दुसऱ्या वर्षी ते नव्यानं उचलता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षाची निवड करताना "मला आज काय आवडतं?" याच्या जोडीला "वर्षभरानं मला कोणते तीन पर्याय हातात हवेत?" हेही विचारा. मुलं दोन विषय विचारानं घेतात आणि तिसरा उरलेली जागा भरायला. मी उलटं सांगते. जो विषय कधी शिकलेला नाही पण ज्याचं कुतूहल आहे, तो तिसऱ्या जागी घ्या. वर्षभर तो जवळून बघता येतो, नाही रुचला तर सुटतो.

दुसरा प्रश्न आणखी महत्त्वाचा, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही: "हा विषय इथे तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालतो का?" लहान कॉलेजांत अनेक विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरते असतात. तिसऱ्या वर्षाला मान्यता नसते, किंवा मुलं कमी पडतात म्हणून वर्ग सुरू होत नाही. माहितीपुस्तिकेत विषयाचं नाव छापलेलं दिसतं, पण तो कुठवर जातो ते छापलेलं नसतं. गेल्या वर्षी टीवायला या विषयात किती मुलं होती, हे ऑफिसात किंवा विभागात थेट विचारा. आकडा सांगता आला नाही, तर त्या विषयाच्या टीवायच्या एखाद्या मुलाला भेटायला मागा. मुलगाच सापडला नाही, तर उत्तर मिळालंच.

शेवटून मागे या

आता घरी बसा, वहीचं एक पान घ्या आणि पदवीनंतरच्या दोन-तीन शक्यता लिहा. पक्कं ठरलेलं नसलं तरी चालेल, सतराव्या-अठराव्या वर्षी ते ठरलेलं नसतंच. फक्त प्रत्येक शक्यतेला कोणता विषय लागतो, ते पुढे लिहा.

एमएस्सी, एमएला बहुतेक ठिकाणी पदवीला तो विषय असावा लागतो. पुढे प्राध्यापक व्हायचं तर नेट-सेट ही पात्रता परीक्षा पदव्युत्तर विषयातच द्यायची असते. बी.एड. करून शिक्षक व्हायचं असेल, तर तिथे अध्यापनाचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात. म्हणून शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर किंवा मायनर असलेला बरा. आयआयटीत एमएस्सी करायचं स्वप्न असेल, तर जॅम ही प्रवेश परीक्षा सात विषयांत होते: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणितीय संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी आणि अर्थशास्त्र. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांचा स्वतंत्र पेपर त्यात नाही. हे एफवायलाच माहीत असलं तर जीवशास्त्राची मुलं रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष करणार नाहीत.

गणिताबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे मुलांचं सर्वांत मोठं नुकसान होतं. दहावी-बारावीत गणितानं त्रास दिला, म्हणून एफवायला मुलं ते अगदी ठरवून टाळतात. मग अर्थशास्त्र घेतात, आणि तिसऱ्या वर्षाला कळतं की पुढच्या शिक्षणात गणित आणि संख्याशास्त्र आहेच. जॅमच्या अर्थशास्त्राच्या पेपरातही दोन्ही आहेत. भूगोलात जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं आणि माहितीचं तंत्र, आणि नकाशांचं काम आहे, मानसशास्त्रात चाचण्यांचे गुण आणि सरासरी आहे, वाणिज्यमध्ये तर आकडे पहिल्या दिवसापासून आहेत. तुम्ही गणितज्ञ व्हावं असं मी म्हणत नाही. पण कॉलेजात संख्याशास्त्राचा किंवा उपयोजित गणिताचा एखादा २ क्रेडिटचा पेपर ओई किंवा एसईसीत मिळत असेल, तर तो घ्या. भीती जायला २ क्रेडिट पुष्कळ झाले. आणि बारावीला गणित बरं होतं, फक्त "आता कशाला?" म्हणून सोडत असाल, तर कृपा करून सोडू नका. सोडलेल्या गणिताकडे परत येणं इतर कुठल्याही विषयापेक्षा जड जातं.

एमपीएससीचं काय, असं पालक हमखास विचारतात. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि त्यात एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले, त्यामुळे मेजरचा उपयोग होऊ शकतो. पण निव्वळ "स्पर्धा परीक्षेला बरं पडतं" म्हणून न आवडणारा इतिहास तीन वर्षं वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. धड पदवीचे गुणही येत नाहीत आणि परीक्षेचा अभ्यासही होत नाही. तीन वर्षं रोज उघडावंसं वाटेल असं पुस्तक ज्या विषयाचं आहे, तोच विषय वैकल्पिक म्हणून टिकतो.

विषयाचं नाव वाचू नका, अभ्यासक्रम वाचा

तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये असतो. पहिल्या वर्षाचा आणि तिसऱ्या वर्षाचा, असे दोन्ही उतरवून घ्या. पहिल्या वर्षाचा यासाठी की लगेच काय वाढून ठेवलंय ते कळतं. तिसऱ्याचा यासाठी की विषयाचा खरा चेहरा तिथे दिसतो.

माझ्याच विषयाचं सांगते. भूगोल म्हणजे देश आणि राजधान्या, असं समजून मुलं येतात. पहिल्या सत्रात समोर येतं प्राकृतिक भूगोल: खडक, विदारण, नदीची भूरूपं, वातावरणाचे थर. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरतो आणि तपकिरी समोच्च रेषांवरून उतार काढायला सांगितलं जातं. काही मुलांचे डोळे तिथे चमकतात. आपल्या गावामागचा डोंगर कागदावर असा दिसतो, हे कळल्यावर ती तास संपला तरी उठत नाहीत. काहींना मात्र त्या रेषा बघून घाम फुटतो. दोन्ही प्रकारच्या मुलांना हे आधी घरी बसून कळलं असतं, अभ्यासक्रमाची चार पानं वाचायची होती फक्त.

अभ्यासक्रमानंतर जुन्या प्रश्नपत्रिका बघा. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या असतात. प्रवेश व्हायचा असला तरी ग्रंथपालांना विनंती केली तर बहुतेक दाखवतात. उत्तरं यायला हवीत असं नाही. प्रश्न वाचून "हे शिकायला आवडेल" वाटतं की "हे कधी एकदा संपेल" वाटतं, एवढंच बघा.

आणि परीक्षा कोणत्या भाषेत लिहायची ते विचारा. बीए, बीकॉमला बऱ्याच विषयांत मराठीत उत्तरं लिहिता येतात. बीएस्सीचं शिकवणं आणि पुस्तकं मुख्यतः इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलात म्हणून विज्ञान सोडायचं कारण नाही, पण पहिले तीन-चार महिने शब्दकोश शेजारी ठेवून वाचावं लागेल, ही तयारी मनात हवी. एईसीत इंग्रजीचा पेपर निवडायची मुभा असेल तर अशा मुलांनी तो टाळू नये.

वेळापत्रक आणि शेवटची एसटी

एक मुलगी मला विसरता येत नाही. बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे तीन विषय तिनं घेतले. तिच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचला सुटायची आणि रसायनशास्त्राची तिची बॅच अडीच ते साडेपाच. पहिले दोन महिने ती पाचच्या आत ब्यूरेट धुऊन पळायची. टायट्रेशनचं शेवटचं रीडिंग दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून उतरवायची. सत्राच्या शेवटी जर्नल अपुरं निघालं आणि सही अडली, तेव्हा ती रडत विभागात आली आणि तेव्हाच आम्हाला कारण कळलं. सकाळची बॅच होती, तिथे जागाही होती. एका अर्जाचं काम होतं. प्रवेशाच्या दिवशी बॅचची वेळ तिला कुणी सांगितली नाही, आणि तिनंही विचारली नाही, कारण असं काही विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

म्हणून हिशोब करा. विज्ञानाचे तीन विषय, प्रत्येकी २ क्रेडिट लेखी आणि २ क्रेडिट प्रॅक्टिकल, असं धरलं तर आठवड्याला लेखीचे ६ तास आणि प्रॅक्टिकलचे १२ तास, म्हणजे १८ तास या तिघांतच गेले. भाषा, ओई आणि बाकीचे पेपर वर. याउलट कलेचे तीन लेखी विषय प्रत्येकी ४ क्रेडिटचे असतील तर १२ तासांत बसतात. घरी शेती बघायची असेल, दुपारी दुकानात काम करायचं असेल, तर हा सहा तासांचा फरक फार मोठा आहे. काम करत शिकणाऱ्या मुलांबद्दल मला खूप आदर आहे, त्यांनी तर हा हिशोब सगळ्यात आधी मांडावा.

मागच्या वर्षीचं वेळापत्रक सूचनाफलकावर बहुतेक तसंच लावलेलं असतं. त्याचा फोटो काढून घ्या. शेजारी एसटीच्या वेळा लिहा. पहिला तास कधी, शेवटची बॅच कधी सुटते, मधे रिकामे तास किती, हे बघा.

वेळापत्रकातूनच आणखी एक गोष्ट कळते. माहितीपुस्तिकेत विषयांचे गट पाडलेले असतात आणि एका गटातून एकच विषय घेता येतो. मुलांना हे अन्यायाचं वाटतं. कारण साधं आहे: एका गटातल्या विषयांचे तास एकाच वेळी भरतात. तुम्हाला हवे असलेले दोन विषय एका गटात अडकले असतील, तर त्यातला एक मायनर म्हणून मिळतो का ते बघा. नाहीतर जवळच्या दुसऱ्या कॉलेजचे गट तपासा, ते वेगळे असू शकतात.

शिकवणार कोण?

हे विचारायला मुलं लाजतात. लाजू नका. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, किती आहेत, त्यांच्या नेमणुका कधी होतात, हे विचारणं तुमचा हक्क आहे. तासिका तत्त्वावरचे माझे अनेक सहकारी जीव ओतून शिकवतात, त्यांच्या शिकवण्यात खोट नाही. पण नेमणूकच उशिरा झाली, तर पहिल्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे रिकामे जातात, आणि त्याचा भुर्दंड मुलांना पडतो.

सगळ्यात खरी माहिती एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, मुलांकडे असते. त्यांना "विषय सोपा आहे का?" असं विचारू नका, कारण उत्तर हमखास "हो, पास होतात सगळे" असं येतं. विचारा: तास रोज होतात का? प्रॅक्टिकल प्रत्यक्ष करायला मिळतं की नुसतं उतरवून घ्यायचं असतं? इंटर्नलचे गुण कशावर देतात? चाचणीचा पेपर तपासून परत मिळतो का? या चार उत्तरांत विभाग कळतो.

ओई आणि बाकीच्या चौकट्या

ओईकडे मुलं "गुण देणारा पेपर" म्हणून बघतात. माझा आग्रह असा की घरच्या किंवा पुढच्या कामाला लागणारं काहीतरी इथे घ्या. विज्ञानाच्या मुलीनं वैयक्तिक अर्थनियोजन किंवा प्राप्तिकराची ओळख घ्यावी. वाणिज्यच्या मुलानं पर्यटन भूगोल किंवा मानसशास्त्राची तोंडओळख घ्यावी. कलेच्या मुलांनी संगणकाशी किंवा आकड्यांशी संबंधित काही असेल तर आधी ते बघावं. प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी असते आणि जागा मर्यादित असतात, म्हणून फॉर्मवर पसंतीक्रम नीट भरा. तिसरी पसंतीही अशी असू द्या की मिळाली तर वाईट वाटणार नाही.

एसईसीत नाव बघून भुलू नका. संगणकाचा पेपर असेल तर प्रयोगशाळेत एका मुलामागे एक यंत्र आहे का, ते डोळ्यांनी बघून या. सीसीत एनएसएस घेतलं तर हिवाळी शिबिर असतं, एनसीसीला निवड आणि पहाटेची परेड असते; घरच्यांना आधी सांगून ठेवा. आयकेएस आणि व्हीईसीत बहुतेक ठिकाणी निवडीला फारसा वाव नसतो.

पैसे, फॉर्म आणि पहिले पंधरा दिवस

एकाच कॉलेजात एक विषय अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित असू शकतो, आणि दोन्हींच्या शुल्कात मोठा फरक असतो. हे पावती हातात आल्यावर कळू नये. तीन वर्षांचं शुल्क, प्रयोगशाळेचं शुल्क, सहली आणि क्षेत्रभेटींचा खर्च, शिष्यवृत्ती लागू होते की नाही, हे एका कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. आईवडिलांना क्रेडिट कळणार नाही असं समजू नका, हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो.

फॉर्म भरताना डिजिलॉकरवरून अपार आयडी काढून ठेवा. तुमचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये याच क्रमांकावर जमा होतात. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि फॉर्म, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. पहिलं वर्ष पूर्ण करून काही कारणानं थांबावं लागलंच, तर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळण्याची आणि नंतर परत येण्याची सोय आराखड्यात आहे. कॉलेज मधेच सुटण्याची भीती घरात असेल, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तर हे आईवडिलांना जरूर सांगा.

तास सुरू झाले की पहिले पंधरा दिवस एकही तास चुकवू नका, याच दिवसांत विषय बदलता येतो. मुदत कॉलेजागणिक वेगळी असते, ऑफिसात पहिल्याच दिवशी तारीख विचारून वहीवर लिहून ठेवा. एखाद्या विषयाबद्दल शंका असेल, तर ज्यात जायचं मनात आहे त्या विषयाच्या तासालाही शिक्षकांना विचारून दोन-तीनदा बसा. नाही कुणी म्हणत नाही.

बदलायचं ठरलंच तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करा: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, सोडायचा विषय, घ्यायचा विषय, कारण एका ओळीत. दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्या. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. पुढे परीक्षेचा फॉर्म भरताना स्क्रीनवर जुनाच विषय दिसला, तर हीच प्रत उपयोगी पडते.